जित्या पोरीची घागर

ही गोष्ट खरी आहे. "वाटलं तर विश्वास ठेवा" असं मी म्हणणार नाही. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडली, आणि निम्मी माझ्या डोळ्यांदेखत घडली. ज्याला पटत नसेल त्यानं जळगावात पिंप्राळ्याला आमच्या घरी येऊन बसावं. चहा पाजू.

फक्त दुपारी यावं.

कारण ह्या गोष्टीत रात्र नाहीच. भुतं रात्री निघतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी जळगावची एप्रिलमधली दुपार पाहिलेली दिसत नाही. एक वाजला की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. शटर खाली, खिडक्यांना ओली पोती, माणसं आत पडलेली. रात्री निदान गुरख्याची शिट्टी तरी ऐकू येते.

दुपारी काहीच नाही.

माझी वहिनी ज्योत्स्ना. माहेर साक्रीकडचं, त्यामुळे अहिराणी अशी बोलते की ऐकत राहावं. तुम्ही जळगाव-धुळ्याचे असाल तर तिचा आवाज तुम्ही ऐकलेला आहेच. रिक्षाच्या भोंग्यावर "साड्यांचा महासेल, फक्त चार दिवस" असं गल्लोगल्ली ओरडते ती माझी वहिनी. चेहरा कोणी ओळखत नाही. पण भाजीवाली मध्येच थांबून म्हणते, "ताई, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय." मग वहिनी इतकी खूश होते की घासाघीस करायचीच विसरते. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, पाइपच्या कारखान्यात शिफ्ट करतो. तो म्हणायचा, "हिच्या आवाजावर आपलं घर चालतं, आणि त्याच आवाजाने मला घरात बोलू देत नाही."

तेव्हा आम्ही हसायचो.

वहिनीचं खरं काम होतं डबिंगचं. भंवरलालशेठ म्हणून जळगावातले कापडाचे जुने व्यापारी. बापाला कापडाचं वेड, तर त्यांच्या तरुण नावाच्या पोराला कॅमेऱ्याचं. त्यानं दुकानाच्या माडीवरच स्टुडिओ काढला आणि अहिराणी पिक्चर बनवायला लागला. हे पिक्चर थिएटरात लागत नाहीत. मोबाइलवर बघायचे. बरेचसे यूट्यूबवर असतात. काही यूट्यूबवरही नसतात… आठवडे बाजारातला टपरीवाला फक्त ओळखीच्या माणसाला मेमरी कार्डात भरून देतो. काय ते समजा.

ह्या दोन्ही प्रकारच्या पिक्चरची हिरोईन एकच. रत्ना.

पहूरकडच्या एका गावातली. बाप कौतिक आबा, कपाशीची शेती. पोरगी गोरी, उंच, आणि डोळे असे की पोस्टरवरून तुमच्याकडेच बघतायत असं वाटावं. आधी ती तरुणशेठच्या साड्यांची मॉडेल झाली. लाल साडीतलं तिचं मोठं होर्डिंग रस्त्यावर लागलं होतं. मग गाणी, मग पिक्चर, मग ते दुसरे पिक्चर. धुळ्याच्या एकानं लग्नाचं आमिष दाखवलं, काही महिने ठेवून घेतलं आणि सोडलं. मग दारू आली. झोपेच्या गोळ्या आल्या. शूटिंगला कधी अनवाणी यायची, कधी यायचीच नाही. गावभर तिचा चेहरा होता आणि राहायला धड खोली नव्हती.

आता एक गंमत ऐका. सगळं त्या गमतीतूनच झालं.

रत्नाची बोली तावडी. खानदेशाच्या पूर्वेकडची. अहिराणी तिला येईना. दोन ओळी पाठ करताना घाम फुटायचा. शेवटी तरुणशेठ वैतागून म्हणाला, "तू नुसतं तोंड हलव. काहीपण बोल. ज्योत्स्नावहिनी वरून भरतील."

तशीच पद्धत पडली. रत्ना कॅमेऱ्यासमोर मनाला येईल ते बोलायची. वहिनी माडीवर बसून, कानाला हेडफोन लावून, आधी तिचा कॅमेऱ्यातला कच्चा आवाज ऐकायची, ओठ बघायची, आणि त्या ओठांवर अहिराणी शब्द बसवायची. काम झालं की कच्चा आवाज पुसून टाकायचा.

सुरुवातीला रत्ना पाढे म्हणायची. मग धीट झाली. हिरोच्या छातीवर डोकं ठेवून, डोळे मिटून, लाडात म्हणायची, "ह्याच्या तोंडाले गुटख्याचा वास येऊन राह्यला वं ताई." वहिनी हेडफोनमध्ये हसून लोटपोट. मग हसू आवरून त्यावर भरायची, "राजा, माले सोडीसन जाऊ नको रे."

ताई म्हणजे वहिनीच. आपला आवाज फक्त हीच बाई ऐकते, हे रत्नाला कळलं होतं.

मग ती कॅमेऱ्यासमोर वहिनीशीच बोलायला लागली.

"ताई, आज सकायपासून काही खाल्लं नही."

"ताई, माय सपनात आली व्हती."

लोक मोबाइलवर तिचं रडणं बघून शिट्ट्या मारायचे. ते रडणं काय होतं, हे एकट्या वहिनीला ठाऊक. दोघी समोरासमोर फार भेटल्या नाहीत. पण वहिनी घरी यायची तेव्हा जेवताना मध्येच घास तसाच ठेवायची. "काय झालं?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही भाऊ. पोर फार एकटी आहे."

एकदा रत्नानं कॅमेऱ्यात विचारलं, "ताई, तू माह्यावर तुहा आवाज टाकते. मंग माहा आवाज कुठी जाते?"

वहिनीनं ते ऐकलं आणि नेहमीसारखं पुसलं. कामच होतं ते.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे काय, वेगळं सांगायला नको. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. मुराळी म्हणून भाऊ बहिणीला आणायला जातो. आणि त्याच दिवशी घरोघरी मेलेल्या माणसांची घागर भरतात. कोरी मातीची घागर, गार पाणी, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, नाही तर आंबा. गोवऱ्यांच्या विस्तवावर घास टाकायचा आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं. त्याला पाणी पोचतं. जित्या लेकी आणि मेलेले पितर एकाच दिवशी घरी येतात. सणच तसा आहे.

तर रत्नाचा तो दुसऱ्या प्रकारातला एक पिक्चर तिच्या गावात पोचला. पारावर बसून पोरांनी बघितला. आबांना कोणीतरी मुद्दाम दाखवला.

पुढच्या आखाजीला कौतिक आबांनी पितरांच्या घागरीशेजारी दुसरी घागर ठेवली. भाऊबंद जमलेले. आबांनी विस्तवावर घास टाकला आणि मोठ्यानं नाव घेतलं…

रत्ना.

जित्या पोरीची घागर भरली.

ती बातमी रत्नाला कळायला वेळ लागला नाही. गाव तेवढं तत्पर असतंच.

त्यानंतर तिला तहान लागायला लागली. अशी तहान की सेटवरचा अख्खा जार संपवायची आणि तरी ओठ चाटायची. शुगर असेल म्हणून तरुणशेठनं तपासून घेतलं. काही निघालं नाही. कच्च्या आवाजात आता एकच बोलणं असायचं. "ताई, पानी पेते तं पोटात पोचत नही."

थंडीत ती गेली. धुळ्याला, देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत. दारू आणि गोळ्या एकत्र झाल्या, असं पोलीस म्हणाले. तरुणशेठ आणि वहिनी गेले होते. वहिनीनं खोली पाहिली. बादली, पातेली, वाट्या, पेले, चहाचे कप… होतं नव्हतं ते सगळं भांडं पाण्यानं काठोकाठ भरलेलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

आबांना फोन केला. पलीकडून एवढंच आलं, "आमची पोर मांगच्या आखाजीलेच गेली."

कोणी आलं नाही. तरुणशेठनं अग्नी दिला. मारवाड्याच्या पोरानं दिला, बापानं नाही. तरुणशेठला कोणी काही म्हणो, मी त्या दिवसापासून त्याला वाईट म्हणत नाही.

एप्रिल उजाडला.

रत्नाचा शेवटचा पिक्चर तयार होता, फक्त एक सीन भरायचा राहिला होता. आखाजीला सोडायचा, लेकी माहेरी आल्या की घराघरात बघतील, असा तरुणशेठचा हिशेब. वहिनी नको नको म्हणत होती. शेवटी म्हणाली, "पोरीचं शेवटचं काम आहे. मीच नीट करते."

डबिंग दुपारीच व्हायचं. बाजार झोपलेला, रस्ता शांत. माडीला आवाज घुमू नये म्हणून चहूबाजूंनी गाद्या आणि साड्यांचे गठ्ठे लावलेले. रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद, पंखा बंद. भट्टीच म्हणा. कोपऱ्यात पाण्याचा माठ.

तरुणशेठ खाली गल्ल्यावर. माडीवर वहिनी एकटी.

तिनं हेडफोन लावला. सीन सुरू केला.

रत्ना झोक्यावर बसलेली. लाल साडी. कॅमेऱ्याकडे तोंड. ओठ हलत होते.

आवाज नव्हता.

फक्त झोक्याची करकर… करकर…

वहिनीनं आवाज वाढवला. पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

करकर… करकर…

आणि अगदी कानाशी, कोणी हेडफोनच्या आत तोंड घालून बोलावं तसं…

"ताई."

वहिनी दचकली. पण डबिंगवाली बाई ती. तिला वाटलं, कच्चा आवाज आहे, उशिरा सुरू झाला असेल. मागे नेलं, पुन्हा लावलं.

"आखाजी आली वं ताई. मले घ्याले कोनी नही आलं."

आधी हे नव्हतं.

तिसऱ्यांदा लावलं.

"ताई, पानी."

एकच सीन. तेच ओठ. बोलणं दर वेळी निराळं.

वहिनीनं कागद पुढे ओढला. काम उरकावं आणि खाली पळावं, एवढंच तिच्या मनात. तिनं रेकॉर्डिंग चालू केलं आणि अहिराणी वाक्यं बोलली. सगळी. एका दमात. मग तरुणशेठला हाक मारली.

तो वर आला. रेकॉर्डिंग ऐकायला लावलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, ही मस्करी का करता?"

"कसली मस्करी?"

त्यानं हेडफोन तिच्या कानाला लावला.

तिनं भरलेल्या जागी तिचा आवाज नव्हताच. रत्ना बोलत होती. तावडीत. "माय, दार उघड. माय, दार उघड वं."

तरुणशेठनं कॉम्प्युटरची वायरच उपटली. जाताना तो माठाकडे वळला, घसा कोरडा पडला होता बिचाऱ्याचा. माठ त्यानं सकाळी स्वतः भरला होता.

माठ कोरडा ठणठणीत. खाली एक थेंब सांडलेला नाही.

त्या दिवशी घरी येईपर्यंत वहिनीचा आवाज बसला. संध्याकाळी परत आला. आम्ही म्हटलं, उष्णता. गुळवेल दिला, खडीसाखर दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेला. मग रोजच. सूर्य माथ्यावर आला की वहिनीचं तोंड उघडायचं आणि आतून काही निघायचं नाही. सांजवेळी पुन्हा बोलायला लागायची. घशाच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून पाहिलं. "सगळं छान आहे," म्हणाला.

रिक्षाच्या भोंग्याचं काम गेलं. पण ते राहू द्या. तेजू, माझी पुतणी, शाळेतून दुपारीच घरी येते. दारातून "मम्मी" म्हणून ओरडते. वहिनी समोर उभी राहून नुसते ओठ हलवायची. पोरगी एकदा म्हणाली, "मम्मी, तू पिक्चरसारखी करू नको ना. मला भीती वाटते."

त्या संध्याकाळी वहिनी खूप रडली. आवाजाशिवाय आपण कोण, असं विचारत होती.

सकाळी तिनं साक्रीला आईला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला.

"जित्ता माणूसनी घागर भरी, ती मोजामा नही बेटा. मरावर भरनी पडस. तिना बापले सांग. नही तं ती तहानी फिरी, आणि तुना गळा सोडावू नही."

म्हणजे जिवंतपणी भरलेली घागर गणतीत धरत नाहीत. मेल्यावर पुन्हा भरायलाच हवी. बापाला वाटलं भरली. पितरांना वाटलं हिची अजून वेळ नाही. मधल्या मध्ये पोर तहानलेली, आणि वहिनीचा गळा धरून बसलेली.

आखाजीच्या दिवशी मी वहिनीला गाडीवर घेऊन निघालो. दादाची शिफ्ट होती. नेरी मागे पडलं, पहूर आलं, तिथून आत वळलो. लेकी रिक्षा भरभरून माहेरी चालल्या होत्या. प्रत्येक निंबाला झोका. वहिनी वाटेत बोलत होती, आबांना काय सांगायचं ते पाठ करत होती. गावाच्या वेशीपाशी तिनं वाक्य अर्ध्यात सोडलं.

मी मागे पाहिलं. तिनं गळ्याला हात लावून मान हलवली.

गेला आवाज.

आबांचं घर साधं, सिमेंटचं. ओसरीवर पितरांची घागर भरून ठेवलेली. शेजारी विस्तव. आत कुरडया तळल्याचा वास. आबा खांबाला टेकून बसले होते. मी कोण, कुठला, सांगितलं. वहिनी कोण तेही सांगितलं.

"तुमच्या रत्नाचा आवाज हिनं भरला आहे, आबा."

आबा जमिनीकडे बघत राहिले. "तिची घागर भरेल हाये. आता कायची?"

"तेव्हा ती जिवंत होती, आबा."

आत पळीचा आवाज येत होता, तो थांबला.

मग आबा म्हणाले, "मले वाटलं व्हतं, बापानं जितेपनी घागर भरली म्हनल्यावर भांडाले तरी येईन. शिव्या द्याले तरी येईन. आली असती तं मी पाय धरले असते तिचे."

म्हातारा हमसून हमसून रडला. मग स्वतःच उठला. ओसरीच्या कोपऱ्यात एक कोरी घागर पालथी घातलेली होती. आणून ठेवली होती त्यानं. भरायची हिंमत होत नव्हती.

त्यानं पाणी भरलं. वर डांगर ठेवलं. विस्तव फुंकला. वहिनी माझ्याशेजारी हात जोडून उभी होती. मला वाटलं, सुटलो.

आबांनी घास हातात घेतला. तोंड उघडलं…

"आबा, थांबा."

मी इकडे तिकडे बघितलं. आवाज अगदी जवळून आला होता.

माझ्या शेजारून.

वहिनीचं तोंड उघडं होतं. आवाज तिचा नव्हता. मी रत्नाचा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. पिक्चर बघणाऱ्या कोणीच ऐकला नव्हता, सगळा पुसलेलाच. पण आबांच्या हातातला घास गळून पडला, त्यावरून मला कळलं.

"आबा, मी तं आली. मंग घागर कायले भरता?"

आतून बेबाबाई धावत आली. रत्नाची आई. हातांना पीठ, पदर खांद्यावरून घसरलेला. एका परक्या बाईच्या तोंडाकडे ती बघत राहिली. मग किंचाळली, "माही पोर! माही पोर बोलते!"

मी म्हटलं, "काकू, ही ज्योत्स्ना आहे. माझी वहिनी आहे."

कोण ऐकतं? तिनं वहिनीला मिठी मारली, कवटाळलंच, आणि लाथेनं ती घागर उलटवली. पाणी ओसरीभर झालं. विस्तव चर्रकन विझला.

"बोलती पोर हाये अन् तिची घागर भरता? खबरदार कोनी नाव घेतलं तं!"

आबा भिंतीला पाठ लावून खाली बसले.

बेबाबाईनं वहिनीला पाटावर बसवलं. पुरणपोळी, आमरस, कुरडया वाढल्या. हातानं भरवलं. आणि वहिनी बोलत होती. त्या आवाजात. लहानपणच्या गोष्टी, कपाशी वेचायला गेल्याच्या, कुठल्याशा बकरीच्या. आई हसत होती, मध्येच रडत होती, पुन्हा विचारत होती.

मी समोर बसलो होतो.

वहिनीचं तोंड हसत होतं. डोळे माझ्याकडे लागले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मान हलवत होती, अगदी बारीक, बेबाबाईला कळू नये अशी.

नाही… नाही… नाही…

"आता मी कुठी जात नही, माय," तिचं तोंड म्हणालं.

मी तिला कसं बाहेर काढलं, मला आठवत नाही. बेबाबाईनं वहिनीचा नंबर घेतल्याशिवाय सोडलं नाही. नेरीच्या जवळ सूर्य खाली गेला आणि वहिनी मागून एकदम ओरडली. तिच्या स्वतःच्या आवाजात. मी गाडी थांबवली. दोघंही रस्त्याच्या कडेला बसून राहिलो.

तरुणशेठनं तो पिक्चर सोडला नाही. होर्डिंग उतरवलं. धंदा म्हणून आता फक्त साड्याच विकतो.

आणि बेबाबाई रोज दुपारी फोन करते.

सुरुवातीला आम्ही उचलत नव्हतो. मग वहिनीला तहान लागायची. घागरीला तोंड लावून प्यायची, नळाला तोंड लावून प्यायची आणि तडफडायची. फोन उचलला की शांत. मग उचलायला लागलो. वहिनी खिडकीपाशी बसते आणि तासन् तास तावडीत बोलते. काय जेवली, गाय व्यायली का, आबांचा गुडघा कसा आहे. तेजू आता दुपारी शेजारच्यांकडे जाते. पोरगी विचारते, "ती बाई गेली की मला बोलवाल ना?"

आधी सूर्य उतरला की सुटका व्हायची. मग दिवेलागण व्हायला लागली. मग जेवणाची वेळ. वहिनीकडे उरली फक्त सकाळ. पहाटे उठून ती तेजूची वेणी घालताना तिच्याशी अहिराणीत भराभर बोलते, जणू कोणी मागे लागलंय. गाणी म्हणते, रागावते, पुन्हा कुरवाळते. मी अंथरुणात पडून ऐकतो. तेवढं ऐकलं की दिवस काढता येतो.

आता पुन्हा आखाजी आलीय.

आज पहाटेच आबांचा फोन आला. मला. दबक्या आवाजात बोलत होते, गोठ्यातून बोलत असावेत.

"घागर आनून ठेवली. ह्या वरसी बेबाले बाहेर धाडतो अन् गुपचूप भरतो. पन पोरा, एक विचाराचं व्हतं. माह्या म्हातारीचा जीव त्या फोनवर हाये. घागर भरली अन् तो आवाज बंद झाला, तं ती जगत नही. तुह्या वहिनीले विचार. ती म्हनीन तसं."

मी फोन तसाच धरून आत गेलो. वहिनी तेजूची वेणी घालत होती. मी सांगितलं. घाईघाईनं, अडखळत सांगितलं, कारण मला उत्तर माहीतच होतं. कोणती बाई नाही म्हणेल? वर्षभर ह्याचीच वाट बघत होतो सगळे.

वहिनीनं वेणीचा पेड घातला. रिबीन बांधली. माझ्याकडे बघून छान हसली.

"नका भरू म्हना आबाले," ती म्हणाली. "मी अठी बरी हाये."

आवाज वहिनीचा होता. अगदी तिचा, भोंग्यावरचा, सगळ्या जळगावला पाठ असलेला. बोली तेवढी तिची नव्हती, तावडी होती.

तेजू तिच्या पुढ्यातून हळूच उठली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. आबा फोनवर "हॅलो, हॅलो" करत होते.

बाहेर दूधवाल्याची घंटा वाजली. उन्हं अजून अंगणात आलेली नव्हती.